बाईंनी सांगितलं तेव्हा सोडली

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोन केला असता, पण फोनवर मला नीट चिडता येत नाही. तू मध्येच "हो का?" म्हणतेस आणि माझा निम्मा राग तिथेच विरतो. शिवाय दादा मागून "कोण आहे, कोण आहे" करत फोन हिसकावतो. म्हणून पत्र. आज मला पोटभर चिडायचंय.

वरच्या ऑफिसातून फतवा आलाय. मुलांच्या ज्या पथकातल्या निदान एका कार्यकर्त्याने 'प्रगत नेतृत्व प्रशिक्षण' घेतलेलं नाही, त्या पथकाला यंदापासून उन्हाळी शिबिराची परवानगी नाही. सहा दिवस, निवासी, आपापली रजा टाकून. प्रगत म्हणे! मी मुलांना दोरीच्या गाठी शिकवायला लागले तेव्हा हा फतवा काढणारा साहेब बुटाची नाडी बांधायला शिकत असेल. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि शनिवारी दुकानातून थेट शाळेच्या मागच्या हॉलवर जायचं. हे इतकी वर्षं कोणाच्या सर्टिफिकेटवर चाललं होतं?

त्यात हाताखाली माणूस टिकत नाही. पोस्टात काम करणारी बाई तू गेल्यावर आली होती, तीही गेली. म्हणे, "वेळ जमत नाही." वेळ कोणाला असतो? आणि आता जिराफ. हा तुला माहीत नाही. औषधांच्या दुकानात काम करतो, हॉलच्या दारातून वाकून आत येतो, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. मला ताप भरला म्हणून मागच्या महिन्यात तलावाची सहल त्याच्यावर सोपवली. एकच दिवस! परत येताना सगळ्यांत लहान मुलगी, तिला आम्ही बटण म्हणतो, ती तलावापाशीच राहिली. तिथल्या रखवालदाराने तिला आपल्या खोलीत बसवून ठेवलं, बिस्किटं दिली, आणि दप्तरातला नंबर बघून घरी फोन केला. मुलगी सुखरूप आहे. पण तिची आई माझ्या दारात येऊन जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही.

मी जिराफला सगळ्यांसमोर झापलं. झापायलाच हवं होतं. तेव्हापासून हे साहेब फिरकलेले नाहीत. आजकाल कोणाला एक शब्द सहन होत नाही.

तर माझं काम असं. तू ऑफिसला एक पत्र लिही, की मी या बाईंबरोबर सात वर्षं काम केलंय आणि यांना कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही. आणि शिबिराला आठवडाभर ये. तू असलीस की मला दुसरं कोणी लागत नाही.

दादाला सांग, कान तपासून घे. मागच्या वेळी फोनवर माझं निम्मं बोलणं त्याला ऐकूच आलं नाही.

तुझी
नणंद

२१ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. पाळणाघरातली सगळी पिल्लं आत्ता झोपलीत, म्हणून लिहायला बसलेय. एक जरी उठलं तर पत्र तिथेच संपेल, तर समजून घ्या.

बटणची गोष्ट वाचून आधी उठले आणि झोपलेली पिल्लं मोजली. दुसऱ्यांची मुलं मीही दिवसभर सांभाळते ना. तिच्या आईचा राग मला इथे बसून कळतो. तुमच्यावर काय गुदरलं असेल तेही कळतं.

शिबिराला मला येता येणार नाही. पाळणाघर बंद ठेवलं तर या पोरांच्या आयांनी कुठे जायचं? आणि ऑफिसला पत्र लिहिणं मला बरं वाटत नाही. रागावू नका. मला वाटतं, तुम्ही जाऊन या. सहा दिवस काचा घासायच्या नाहीत, स्वयंपाक करायचा नाही, हेही काही कमी नाही!

एक विचारू? तुम्ही सहलीत मुलं मोजता ती पद्धत जिराफला कोणी दाखवली होती का?

तुमच्या भावाचे कान ठणठणीत आहेत. त्यांना हवं ते ऐकू येतं.

तुमची
वहिनी

३० जानेवारी

प्रिय वहिनी,

मुलं मोजायला दाखवावं लागतं? पहिलीतल्या पोरालाही आकडे मोजता येतात!

मी कशी मोजते ते तू पाहिलंयस. जोड्या लावते, जोडीदाराचं नाव एकमेकांकडून घेते, कोण कोणाशी भांडलंय, कोण मागे रेंगाळतं, कोणाच्या आईने ऐनवेळी सोडलंय, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. आता ते डोकं कापून जिराफच्या खांद्यावर ठेवू का? तशीही त्याच्या खांद्यापर्यंत पोचायला मला स्टूल लागेल.

तुझा प्रश्न मला झोंबला. मी तुझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या, दोन्ही नाही म्हणालीस आणि वर परीक्षा घेतलीस.

जातेय. दुसरा इलाज नाही. दुकानाच्या मालकांनी रजा दिली, पण असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या लग्नाच्या दिवशी सुट्टी मागतेय. मला फक्त ते सर्टिफिकेट हवंय. शिकायला म्हणून मी जात नाहीये, एवढं लक्षात ठेव.

नणंद

१८ फेब्रुवारी
प्रशिक्षण केंद्रातून

वहिनी,

चौथा दिवस.

पहिल्या दिवशी आमच्या गळ्यात रंगीत रिबिनी बांधल्या आणि सहा-सहा जणांच्या तुकड्या केल्या. माझ्या तुकडीत एक बस कंडक्टर, एक प्राथमिक शाळेतल्या बाई, एक वेल्डर, आणि दोन कॉलेजातले प्राध्यापक, जे सारखे एकमेकांना "तुमचा मुद्दा बरोबर आहे" म्हणतात. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. घोगरा आवाज, हसत नाहीत. तक्ते, बाण, गोल, गोलात गोल. मी मागे बसून रिबिनीचे दोरे काढत होते.

काल बांबूंचा मनोरा बांधायचा होता. साहित्य समोर टाकलं आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे! प्राध्यापक मुद्दे मांडायला लागले. मी म्हटलं, बाजूला व्हा. याला इथे धर म्हटलं, त्याला तिथे ओढ म्हटलं, आणि आमचा मनोरा सगळ्यांत आधी उभा राहिला. असा पक्का की वेल्डर वर चढून आला.

संध्याकाळी आढावा. मला वाटलं, शाबासकी मिळणार. त्या बाईंनी एकेकाला विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

कंडक्टर म्हणाला, "मी दोरी धरली."

"आणि?"

"आणि बाईंनी सांगितलं तेव्हा सोडली."

बाई म्हणजे मी. सगळे हसले. मीही हसले. मग त्या शाळेतल्या बाई, ज्या तीन दिवसांत एक वाक्य बोलल्या नव्हत्या, खाली बघत म्हणाल्या, "मला ती गाठ येते. चांगली येते. पण मला कोणी विचारलं नाही." आणि कंडक्टर, त्याचं हसणं थांबलं होतं, म्हणाला, "मी रजा टाकून दोरी धरायला नव्हतो आलो."

मनोरा उभा राहिला ना? मग यांना हवंय काय?

आज शिक्षा. शिक्षा म्हणत नाहीत त्याला, पण शिक्षाच. पुन्हा मनोरा, आणि मी खुर्चीवर बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. वहिनी, ते लोक काय करत होते! चुकीची दोरी, चुकीचा बांबू, प्राध्यापक उलट्या बाजूला. मी ओठ चावत बसले. मनोरा कलला आणि पडला. आणि मला आनंद झाला. खरं सांगते, मनातल्या मनात टाळी वाजली. ती माझ्या तोंडावर दिसली असणार, कारण त्या नर्सबाई माझ्याकडेच बघत होत्या. मग ते लोक पुन्हा बसले, भांडले, शाळेतल्या बाईंनी गाठ दाखवली, आणि दुसऱ्यांदा वाकडातिकडा का होईना, उभा केला. माझ्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जेवताना नर्सबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "उद्या तुमचा पाय मोडला, तर तुमचं पथक किती शनिवार चालेल?" मी ताटावरून उठले.

मी बॅग भरलीय. उद्या सकाळची पहिली गाडी आहे. पण तुला एक विचारते, कारण तुझ्याशिवाय हे कोणाला ठाऊक नाही. तू माझ्याबरोबर सात वर्षं होतीस. तुला कधी असं वाटलं होतं का? एका शब्दात लिही. 'नाही' एवढंच लिही, मला पुरेल.

नणंद

४ मार्च

प्रिय वन्सं,

तुम्हाला एक शब्द हवा होता. मी तो लिहून पाहिला. पाकिटात घातला, परत काढला. तो खोटा आहे.

सगळे समजतात की तुमच्या भावाची बदली झाली म्हणून मी पथक सोडलं. तसं नाही. मी आधीच ठरवलं होतं. बदली आली तेव्हा सगळे हळहळत होते आणि मला मात्र सुटल्यासारखं झालं. तुमच्या घराला सोडून जायचं म्हणून नाही हो. तुम्हाला कारण सांगावं लागणार नाही म्हणून.

एक प्रसंग सांगते. तुम्हाला आठवणारही नाही. मी दवाखान्यात जाऊन प्रथमोपचाराचा वर्ग केला होता, शनिवारी मुलांना पट्टी बांधायला मी शिकवायची असं आपलं ठरलं होतं. एका मुलाचा हात धरून मी दुसरा वेढा घेत होते. तुम्ही मागून आलात, "अगं सोड, मी करते" म्हणालात आणि पट्टी माझ्या हातातून घेतलीत. छान बांधलीत. माझ्यापेक्षा छान. मुलं तुमच्याकडे वळून बसली आणि मी पाण्याच्या बाटल्या भरायला गेले. मग पुढची सगळी वर्षं बाटल्या मीच भरल्या.

तुम्ही वाईट वागलात असं नाही. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी नणंद मला कुठे मिळणार होती? म्हणूनच बोलता आलं नाही. पथकात बोलले तर घरात वाजणार, आणि घरात वाजलं तर तुमचा भाऊ मध्ये चेंगरणार. मी हसत राहिले. तुम्हाला वाटलं, हिला सगळं पसंत आहे.

हे लिहून मला हलकं वगैरे काही वाटत नाहीये. रागच येतोय. तुमचा येतोय, आणि सात वर्षं गप्प बसणाऱ्या त्या बाईचा जास्त येतोय.

तुम्ही राहिलात की त्या पहिल्या गाडीने परतलात?

वहिनी

५ एप्रिल

वन्सं,

महिना झाला. तुमच्या भावाने फोन केला तर "कामात आहे" म्हणून ठेवून दिलात. त्यांनी मला विचारलं, "काय झालंय तुमच्यात?" मी म्हटलं, "शिबिराची गडबड असेल."

मला दोन शिव्या लिहून पाठवा, पण पाठवा.

वहिनी

१९ एप्रिल

वहिनी,

शिव्या लिहिल्या होत्या. चार पानं. वाचून पाहिली तर प्रत्येक वाक्यात 'मी' होतं. फाडली.

तुझ्यावर रागावलेय, ते आधी सांगते. तू गप्प बसलीस म्हणून. एकाच ओट्यापाशी आपण दोघी पोळ्या लाटत होतो आणि तुझ्या मनात हे होतं? एकदा लाटणं आपटून "माझ्या हातातलं घेऊ नका" म्हणाली असतीस तर? मी भांडले असते, अबोला धरला असता, पण मला कळलं तरी असतं. आता कळून मी त्या बाटल्यांचं काय करू?

प्रशिक्षण पूर्ण केलं. मोठेपणा नाही त्यात काही. सर्टिफिकेटशिवाय शिबिर नव्हतं, म्हणून बॅग उघडली. उरलेले दोन दिवसही चिडलेलीच होते. तक्ते आणि गोल मला आजही थोतांड वाटतात. पण शेवटी प्रत्येकाला आपापल्या पथकात करायचं एक काम लिहून द्यायला लावलं. मी लिहिलं, 'शिबिर दुसऱ्यांनी चालवायचं.' नर्सबाईंनी वाचलं आणि पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "हे तुम्हाला फार जड जाणार." तेवढं एक त्यांचं अगदी बरोबर निघालं.

तर दुसरे आणायचे कुठून? गेले जिराफच्या दुकानात. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "काय देऊ, ताई?" मी म्हटलं, "घसा बसलाय." ठणठणीत होता माझा घसा. त्याने गोळ्या काढल्या. मी तशीच उभी. मागचा माणूस चुळबुळायला लागला.

मी म्हटलं, "त्या दिवशी तू मुलं मोजलीच नव्हतीस का रे?"

तो गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत म्हणाला, "तीनदा मोजली, ताई. तुम्ही आदल्या दिवशी सांगितलेला आकडा बरोबर आला. बटण त्या आकड्यात नव्हतीच. बस सुटताना तिच्या आईने तिला गर्दीत चढवून दिलं. तुम्हाला विचारून."

मला विचारून! वहिनी, तिच्या आईचा फोन आला होता. मी तापात होते. "पाठवा, पाठवा" म्हटलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, मला माहीत आहे म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

"मग मी ओरडले तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही बोलू दिलं असतंत?"

त्याने सुट्टे परत दिले. मी सगळ्या रांगेसमोर "माझं चुकलं" म्हटलं. ओरडले होते सगळ्यांसमोर, म्हणून. त्याने मान हलवली आणि पुढच्या माणसाला विचारलं, "काय देऊ?" परत येतो म्हणाला नाही. घरी येईपर्यंत मला त्याचाही राग आला होता. माफी मागितली तर माणसाने निदान बस म्हणावं!

दोन शनिवारांनी आला. एकटा नाही, पोस्टातल्या बाईला घेऊन. दोघांचं आधीच बोलणं झालेलं. शिबिर ते चालवणार, कार्यक्रम ते ठरवणार, आणि मी स्वयंपाकघर बघायचं. "मधे आलात तर आम्ही निघालो," असं त्या बाईने तोंडावर सांगितलं. मी हो म्हटलं. माझं मलाच खरं वाटलं नाही.

नणंद

२९ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र दोनदा वाचलं. रांगेत उभ्या असलेल्या तुम्ही डोळ्यांसमोर आलात. मी असते तर नुसत्या गोळ्या घेऊन परतले असते.

लाटणं आपटायला हवं होतं. खरं आहे तुमचं.

तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. आमच्या समोरच्या शाळेचे मुख्याध्यापक दोनदा येऊन गेले. त्यांना शनिवारचं पथक सुरू करायचंय आणि मी ते घ्यावं असं त्यांना वाटतं. मी नाही म्हटलंय. मला बाटल्या भरायची सवय, अख्खं पथक कुठून सांभाळू? तुमच्या भावाचं मत विचारलं तर म्हणाले, "तू तिला विचार." तिला म्हणजे तुम्हाला.

शिबिराचं लगेच कळवा.

तुमची
वहिनी

२३ मे

प्रिय वहिनी,

शिबिर झालं. सगळी मुलं घरी पोचली, हे पहिल्यांदा लिहिते.

आता चिडून घेऊ दे. तंबू उताराला लावले, रात्री सगळ्यांची डोकी खाली आणि पाय वर. शेकोटी माझ्या वेळापत्रकापेक्षा कितीतरी उशिरा पेटली, आणि त्यात पोस्टातल्या बाईने मुलांना एक नाटुकलं करायला लावलं ज्याला शेंडा ना बुडखा. जिराफ प्रत्येक ठिकाणी मुलांना गोल बसवून एकमेकांना मोजायला लावतो. पोरं हसतात, चुकतात, पुन्हा मोजतात. इतका वेळ लागतो की मी असते तर तेवढ्यात डोंगर उतरून आले असते. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. इतके जाड सोलले की साल जास्त आणि बटाटा कमी.

एकदाच तोंड उघडलं. तंबूंवरून. पोस्टातली बाई म्हणाली, "ताई, भाताचं बघता ना?" गेले परत.

तिसऱ्या दिवशी सगळे टेकडीवर गेले. कुठल्या वाटेने, कधी येणार, कोणी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पातेल्यापाशी बसून राहिले. अंधार पडायच्या आत गात गात आले सगळे. बटण सगळ्यांच्या पुढे, अंगभर चिखल. जिराफला म्हणाली, "उद्या परत जायचं?" मग तो खाली वाकला आणि दोघं काहीतरी ठरवायला लागले. माझ्याकडे कोणी आलं नाही, कारण माझ्याकडे काही विचारायचंच नव्हतं.

लोक म्हणतात, आपल्याशिवाय काम चाललं की समाधान वाटतं. खोटं आहे गं. मला रडू आलं. कोठीच्या मागे जाऊन रडले, आणि मग भात लागला म्हणून धावत परत आले.

ऑफिसने कळवायला सांगितलंय की प्रशिक्षणाचा उपयोग झाला का. मी लिहिलं, 'झाला. फार त्रास झाला.' त्यांना काय समजायचं ते समजू देत.

आता तुझं. मुख्याध्यापकांना उद्याच्या उद्या हो सांग. तुला काय काय लागेल ते मला सगळं पाठ आहे. लिहायला बसले तर दहा पानं होतील, आणि खरंच बसले होते. पण पाठवणार नाही. अडलीस तर विचार. विचारलंस तेवढंच सांगीन, जमेल तितका प्रयत्न करीन.

आणि पहिल्या शनिवारी मला बोलावू नकोस. तू बोलावलंस तर मी येईन, आणि आले तर गप्प बसणार नाही. एक वर्ष जाऊ दे. मग बोलाव.

तुझी
नणंद